चाळीस सेकंदांचं नेट

३ नोव्हेंबर, सोमवार

आप्पासाहेबांच्या टेबलाच्या खणात खताच्या कंपनीची डायरी सापडली, कोरी करकरीत. विचारलं, घेऊ का? म्हणाले घे, मला काय लिहायचंय. तर आजपासून लिहितो. याआधी दोनदा सुरू केली होती, एकदा पुण्यात आणि एकदा रांजणगावला. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी सुटली. बघू.

गाव काष्टीपासून सात किलोमीटर आत. नाव लिहीत नाही, मला माहीत आहेच आणि दुसरं कोण वाचणार. एसटीतून उतरलो तर नाकात मळीचा वास. कारखाना सुरू झालाय. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या आणि प्रत्येकीवर स्पीकर. एकानं ट्रॅक्टरच्या तोंडाला कागदी फुलांच्या एवढ्या माळा बांधल्या होत्या की त्याला पुढचं दिसतं कसं, हे बघत मी फाट्यावरच पंधरा मिनिटं उभा राहिलो. पहिल्याच दिवशी उशीर. आप्पासाहेबांनी आधी चहा मागवला. चांगला माणूस वाटतो.

मी सम्राट, जामखेडकडचा. बारावी एकदा दिली, दुसऱ्यांदा नुसता फॉर्म भरला. मग मोबाईल रिपेरिंग, पॅकिंग, मांडववाल्याकडं लायटिंग, आणि शेवटी केडगावच्या सायबर कॅफेत दीड वर्ष. तिथला मालक व्हायरसला कंटाळून सगळ्या मशिनी लिनक्सवर घेऊन बसला होता, त्यामुळं तेवढं एक मला येतं. ते इथं उपयोगी पडलं. आप्पासाहेबांचा कॉम्प्युटरही लिनक्सवाला. त्यांनी विचारलं, हे विंडोज न्हाई, दुसरंच कायतरी हाय, चालवशील का? म्हटलं झोपेत चालवीन.

आप्पासाहेबांचं सरकारी सेवा केंद्र म्हणजे एक शटर, एक टेबल, अंगठ्याचं छोटं मशीन आणि बाहेर एक बाक. या महिन्यात मुख्य काम हयातीच्या दाखल्याचं. विधवा, निराधार, म्हातारी माणसं, ज्यांना सरकारचा महिन्याचा पगार मिळतो, त्यांनी वर्षातून एकदा येऊन काचेवर अंगठा ठेवायचा आणि आपण जिवंत आहोत असं सांगायचं. तीस तारखेला यादी बंद. आज अकरा जणांचं झालं. एका आजींनी पदरातून काढून पेढा दिला. जिवंत असल्याचा पेढा!

राहायला गोजरबाईंच्या घरी पुढची खोली. वय सत्तरीच्या पुढं, कांदे लावण्यात आणि काटण्यात जन्म गेला. मी मावशी म्हणतो. सून वृषालीवहिनी, मुलगा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. जेवायला बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तीन खाल्ल्या. मावशी म्हणाल्या, एवढाच खातोस व्हय?

५ नोव्हेंबर, बुधवार

नेट तुटतंय.

रीतसर लिहून ठेवतो म्हणजे उद्या गोंधळ नको. अंगठा ठेवला की मशीनचा दिवा हिरवा होतो. मग चाळीस सेकंद पडद्यावर चक्र फिरतं आणि ‘हयात’ येतं. मधे नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. आज दहातल्या चौघांचंच झालं, बाकी सगळे तिसाव्या सेकंदाच्या आसपास अडकले.

टर्मिनल उघडून पिंग लावून ठेवला. पिंग म्हणजे दर सेकंदाला समोरच्याला हाक मारायची, ओ आली की नेट आहे. राउटरला मारलेली हाकही मधेच बंद पडते, म्हणजे दोष बाहेर कंपनीकडं नाही, आपल्याच दुकानात. वायरच्या टोकाची प्लास्टिकची चाप तुटली होती. नवं टोक बसवलं. फरक नाही. नेटकार्डाची वीज वाचवायची सेटिंग बंद केली. फरक नाही. ड्रायव्हर बदलला, मशीन बंद करून चालू केलं. त्यात दुपार गेली. रांगेतली माणसं उन्हात बसून. कुणी चिडत नाही याचाच मला राग येतो. म्हणतात, येतो उद्या. चार किलोमीटर चालत आलेली असतात.

बाकावर गहिनीनाथबाबा म्हणून एक म्हातारा रोज बसतो. डोक्याला फेटा, तोंडात सतत काहीतरी. त्याच्या शेजारी दोन म्हाताऱ्या, त्या बोलत नाहीत. तिघं रांगेत कधी लागत नाहीत. मी विचारलं, तुमचा अंगठा? बाबा म्हणाले, आमचं झालंय, तू तुझं बघ इंजिनेर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल डोक्यात आलं, उसाची ट्रॉली जाताना वरची वायर ओढत असणार. आज सकाळी शिडी लावून खांबापर्यंत बघितलं. वायर शाबूत. वरून गावाच्या मागचा ओढा दिसतो, तिथं बगळे होते, त्यांच्यातच वेळ गेला. आप्पासाहेबांनी खालून विचारलं, वर बिऱ्हाड करतोस का.

नोंदी तपासताना एक गोष्ट कळली. मोबाईलवर गाणी लावा, पिक्चर लावा, नेट तासन्‌तास टकाटक. फक्त कुणी काचेवर अंगठा ठेवला की तुटतं. गाणं जातं, माणूस अडकतो. हे मी आप्पासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सरकारी काम हाय, अडकणारच.

आपण ज्या आयडीवर काम करतो तो हर्षल नावाच्या कुणाचा तरी आहे. कॉम्प्युटरचं नावही ‘हर्षल-पीसी’. पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवलाय. हर्षल कोण विचारलं तर आप्पासाहेब त्या चिठ्ठीची सुटलेली कड अंगठ्यानं दाबत म्हणाले, आधीपासूनच हाय ते. नव्या आयडीला लई दिवस जातात, चालू दे यावरच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तालुक्यावरून फोन. बाकी नावं जास्त दिसतात म्हणून आप्पासाहेबांना झापलं. त्यांनी मला झापलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसले आणि युक्ती दाखवली. ज्याचं होत नाही त्याच्या नावापुढं कारण निवडता येतं. ‘ठसा जुळत नाही’ निवडलं तर डॉक्टरचा कागद मागतं. ‘स्थलांतर’ निवडलं तर ग्रामपंचायतीचा. ‘मयत’ निवडलं तर काहीच मागत नाही, दाखला नंतर जोडा म्हणतं. नाव लगेच बाकीतून जातं.

मी म्हटलं, जिवंत माणसाला मयत? ते म्हणाले, कागदावर रं. नंतर सुधारणा करता येते. सगळीकडं असंच चालतं.

सगळीकडं असंच चालतं हे मी ज्या ज्या नोकरीत ऐकलं, ती मी सोडली. इथं सोडली नाही. भाकरी चांगली मिळते म्हणून असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मावशींचा नंबर होता. कांदा काटून काटून त्यांच्या अंगठ्याला रेघच उरलेली नाही, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. ओल्या फडक्यानं पुसला, तेल लावलं, पाचव्या वेळी दिवा हिरवा झाला. तिसाव्या सेकंदाला नेट गेलं. पुन्हा. पुन्हा गेलं. चार वेळा. मागं वीस माणसं, आप्पासाहेबांच्या फोनवर तालुका, आणि काष्टीला कुणीतरी दीड टनाचा रेडा आणलाय असं सकाळपासून कानावर येत होतं, तेही डोक्यात.

मावशींना म्हटलं झालं, जा घरी. आणि कारण निवडलं.

दुपारनंतर नेट नीट असेल तेव्हा सुधारायचं असं ठरवून निवडलं. खोटं लिहीत नाही. मग रेडा बघायला गेलो. होता बघण्यासारखा. परत येईपर्यंत शटर बंद होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल सकाळी वहिनींनी मला चहा दिला. मावशी चुलीपाशी बसल्या होत्या, म्हणाल्या मला बी दे गं. वहिनींनी पातेलं धुऊन पालथं घातलं. मला वाटलं सासू-सुनेचं काही बिनसलंय, आपण मधे कशाला.

आज मावशींचं अंथरूण माळ्यावर टाकलेलं. वहिनी सहज म्हणाल्या, आई गेल्यापासून घर लई मोठं वाटतं बघा, तुमाला खोली त्यांनीच दिल्ती म्हणून राहू दिलंय. मावशी दारातच उभ्या होत्या. ऐकत होत्या. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं,

“माझं काय चुकलं का रं?”

मी घास तसाच ठेवून केंद्रावर पळालो. सुधारणेचा फॉर्म उघडला. पुन्हा मावशींचा अंगठा लागतो. त्यांना आणलं. सात वेळा ठेवला. सातही वेळा नेट गेलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मावशींना घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. कंडक्टरनं एकच तिकीट फाडलं. मी म्हटलं दोन. त्यानं शेजारच्या सीटकडं बघितलं आणि पिशवी मांडीवर घ्या म्हणाला. पिशवी नव्हतीच.

कचेरीतला कारकून सभ्य होता, पाणीसुद्धा विचारलं. मी सांगितलं, या गोजरबाई, चुकून मयत लागल्यात, ह्या बघा समोर उभ्या आहेत. त्यानं समोर बघितलं. मग म्हणाला, मृत्यूचा दाखला आणला का? नसेल तर नात्यातलं कुणीतरी घेऊन या, तुम्ही एकटेच बोलताय केव्हाचे.

येताना मावशी खिडकीपाशी बसून ऊस बघत होत्या. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

भीती वाटते हे पहिल्यांदा लिहितोय. भरदुपारी, चारशे माणसांच्या बाजारपेठेत, हातात उसाच्या रसाचा ग्लास असताना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी आता बाकावर बसतात. चौथ्या. गहिनीनाथबाबा सरकून जागा देत म्हणाले, या, तुमचीच वाट बघत हुतो.

मला तेव्हा कुठं कळलं. चहावाला रोज बाकासमोरून जातो आणि तिघांना कधी चहा देत नाही. पोरं त्या बाकावर दप्तरं आपटतात. मी रोज बाबांशी बोलत होतो आणि रांगेतली माणसं माझ्याकडं बघून एकमेकांना कोपरं मारत होती.

बाबांकडून सगळं काढून घेतलं. गेल्या वर्षी बाकावर सात जण होते. हर्षलनं सातही नावं मयत केली होती, यादी भागवायला. ते सातजण भांडायला आले तेव्हा त्यानं छाती ठोकून सांगितलं, यात काय भ्यायचं, हे बघा, माझंच नाव टाकतो, पाच मिनिटांत परत जिवंत होऊन दाखवतो. आणि टाकलं. तेवढ्यात नेट गेलं. त्यानंतर आप्पासाहेबांनी दुकानात कुणीच नाही म्हणून शटर ओढलं. हर्षल आतच होता.

मी विचारलं, सातातले चार कुठं गेले? बाबा म्हणाले, यादी बंद व्हायला आली की विरायला लागतं, बंद झाली की कुणी लगीच जातं, कुणी वरसानं. मग आमाला बी ते दिसत न्हाईत. मी म्हटलं, आणि मला तुम्ही कसे दिसता?

“त्या खुर्चीत बसतो त्याला दिसतं. तेवढी शिक्षा हाय खुर्चीला,” बाबा म्हणाले, आणि हसले.

तीस तारखेला बारा दिवस. मावशींचे बारा दिवस.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोष सापडला.

नेटवरच्या प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो आणि नेटकार्डावर कारखान्यातून छापून आलेला एक नंबर, जगात दुसरा नसलेला. मी आपल्या पत्त्याला हाक मारून बघितली. दोन ओ आल्या. राउटरची यादी उघडली तर ‘हर्षल-पीसी’ दोनदा. पत्ता तोच. नंबरही तोच, शेवटच्या अक्षरापर्यंत. मावशींना अंगठा ठेवायला लावलं आणि यादीकडं बघत राहिलो. तिसाव्या सेकंदाला आपली ओळ गेली आणि दुसरी जागी झाली.

पत्ता बदलला तर दुसरीचाही बदलतो. लगेच.

राउटरमधून आणखी एक वायर निघते. जाळीच्या खिडकीतून मागं जाते. दोन आठवडे माझ्या डोळ्यासमोर होती ती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वायर धरत मागं गेलो. खताचं जुनं गोडाऊन. पत्र्यातून ऊन येत होतं, सकाळचे साडेदहा. पोत्यांच्या मधे आमच्यासारखंच टेबल, आमच्यासारखाच कॉम्प्युटर, माझ्याएवढाच पोरगा. अंगठा काचेवर. वर बघितलंच नाही त्यानं. अंगठ्याची कातडी पांढरी, भिजलेल्या साबणासारखी.

म्हणाला, तू मशीन उघडलंस की माझं पण उघडतं. तेवढाच वेळ मिळतो. दोघांचं एकदम जात न्हाई. माझं जात न्हाई, त्यांचं बी जात न्हाई. माहीत हाय मला.

मी म्हटलं, मग थांब की. माहीत असून कशाला ठेवतोस?

तो म्हणाला, ठेवून बघ एकदा.

मी वायर उपटली. त्यानं अडवलं नाही. नुसता काचेकडं बघत राहिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज एकोणीस जणांचं झालं. एकदाही तुटलं नाही. आप्पासाहेबांनी भेळ मागवली.

मावशींचा अंगठा चाळीस सेकंद गेला. पूर्ण. मग पडद्यावर नवीन चौकट आली. मयत माणूस जिवंत करायचा तर ऑपरेटरनं हमी द्यायची, आपल्या अंगठ्यानं. आयडी हर्षलचा. माझा अंगठा चालत नाही. हर्षलचा चालत नाही, तो मयत.

मावशी काचेवरून हात काढेनात. झालं का, झालं का, विचारत राहिल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हर्षलनं वायर पुन्हा लावली. मी काढली. त्यानं लावली.

बोललो त्याच्याशी. रस्ता एकच आहे आणि तो त्याला वर्षापासून माहीत आहे. आयडीवर ‘ऑपरेटर बदल’ करायचा. माझं नाव, माझा अंगठा. मग माझी हमी चालेल. मावशी सुटतील. तोही सुटेल.

“मयतचा शिक्का आयडीवर बसलाय, माणसावर न्हाई. जो घेईल त्याच्यावर पाच मिनिटांत जाईल, तेवढ्यात एक हमी होईल. खोटं सांगून तुझ्याकडून करून घेता आलं असतं मला.”

त्यानं खोटं सांगायला हवं होतं. मग शिव्या तरी देता आल्या असत्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आप्पासाहेबांना सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, गोजरबाई लई चांगली हुती बिचारी.

बॅग भरली. दहाची एसटी आली, थांबली. नोकऱ्या सोडायची मला सवय आहे, एवढं एकच काम मला चांगलं जमतं. बाकावरून मावशी बघत होत्या. मावशींचा पाय आता उन्हात नीट दिसत नाही, घोट्यापासून खाली —

एसटी गेली. मी नाही गेलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पाच मिनिटांचं काम आहे. घ्यायचा आयडी, सोडवायचं मावशींना, मग माझी सुधारणा टाकायची.

हर्षल असंच म्हणाला होता. माहीत आहे.

त्याच दिवशी, दुपारी

केलं.

हर्षलनं चाळीस सेकंद मोजून अंगठा काचेवरून काढून घेतला. माझं नाव चढलं. मावशींचा अंगठा, चाळीस सेकंद, माझा अंगठा. हयात.

मावशी उठल्या. बाहेर चहावाल्यानं विचारलं, मावशी, लई दिवसांनी? त्यांनी चहा घेतला. वळून केंद्राकडं बघितलं, माझ्या चेहऱ्याकडं, आणि चहावाल्याला म्हणाल्या, आज बंद हाय का रं हे? पोरगं दिसंना त्यांचं.

हर्षल गोडाऊनमधून सरळ फाट्यावर गेला. एसटीला हात केला. थांबली. मागं बघितलंही नाही. थँक्यू नाही, काही नाही. मीही बघितलं नसतं.

माझी सुधारणा टाकली. हमीला दुसरा ऑपरेटर मागते.

३० नोव्हेंबर

वहिनींनी खोलीला कुलूप लावलं. माझी बॅग आत. मावशी भाकरी करत होत्या, तीनच. मी दारात बराच वेळ. हाक मारली. मावशींनी माशी वारतात तसा कानापाशी हात हलवला.

रेडिओवर ऐकलं, यादीला मुदतवाढ. पंधरा डिसेंबर, संध्याकाळी पाच. म्हणजे विरायला अजून —

४ डिसेंबर

आप्पासाहेबांनी नवीन माणूस ठेवलंय. राजनंदिनी. नगरला डिप्लोमा केलाय. आली तीच हसत, बाकावरच्यांना नमस्कार करत. मलाही. खुर्चीत बसते ना.

मला वायरमन समजली. म्हणाली, दादा, नेट मधेच जातंय हो.

मी म्हटलं, बघतो.

गोडाऊनमध्ये बसतो आता. बाकावर ऊन लागतं.

८ डिसेंबर

मी ठेवत नाही. ठरवलंय. वायर काढून ठेवलीय.

मग तिच्या मशीनचा आवाज येतो. हात आपोआप. हर्षल बरोबर म्हणाला, ठेवून बघायला पाहिजे. काच गरम असते. तेवढे तीस सेकंद कुणीतरी आपल्याला विचारत असतं, तू आहेस का? दुसरं कोण विचारतं —

आज तिघांचं अडकलं. माझ्यामुळं.

१२ डिसेंबर

पोरगी हुशार निघाली. माझ्या आयडीवर कायम काम करायला तिनं पहिल्याच दिवशी नकार दिला. स्वतःच्या आयडीचा अर्ज टाकला, तो येईपर्यंतच माझ्यावर भागवलं. आठ दिवसांत आयडी आला.

आठ दिवस. हर्षलनं कधी अर्ज केला नाही. मी नाही केला. लई दिवस जातात म्हणाले आप्पासाहेब, आणि आम्ही ऐकलं.

तिला सगळं सांगितलं. तिची हमी चालते. बाकावरच्या दोघी आज हयात झाल्या. उठून घरी गेल्या, चपला विसरून. मी वायर दातात धरून बसलो होतो.

१५ डिसेंबर, चार वाजता

दोघी झाल्या त्या संध्याकाळपासून साइट बंद होती. आत्ता चालू झाली. रांग मोठी.

तिनं सांगितलंय, आधी गहिनीनाथबाबा, मग तुम्ही, दादा. होईल दोघांचं.

चार पन्नास

बाबांचा हात थरथरतो. तीनदा ठेवला, दिवा लागेना. ती पुसतेय. बाबा विनोद करतायत, आवाज येतो.

वायर लावलीय. कधी लावली आठवत नाही.

काढायची. एवढंच काम.

चार सत्तावन्न

दोघांचं होणार नाही. एकाचं होईल. आणि मी ठेवला तर एकाचंही नाही. हे मी लिहितोय, म्हणजे मला कळतंय. मला सगळं कळतंय. डाव्या हातानं लिहितोय, कारण उजवा —

दिवा लागला. तिच्याकडं. माझ्याकडं पण.

दहा.

पलीकडून ती म्हणतेय, बाबा, आता अजिबात हलू नका. मीही हललेलो नाही. काच गरम आहे, आणि पंचवीस झाले, आणि कुणीतरी विचारतंय, आणि मी फक्त एवढंच